केदारच्या डब्यातले टाकाऊ कांदे

ज्या पदार्थाचा कणही मी आयुष्यात जिभेवर ठेवला नाही, त्याच्यासाठी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पारनेर तालुक्यात तीन दिवस राहून आलो. आमच्या घरात कांदा येत नाही; आजोबांच्या आजोबांपासून येत नाही. वाईला परतल्यावर माझ्या धोतराला त्याचा वास येताच सूनबाईंनी भुवई उंचावली. त्या भुवईला उत्तर म्हणून हे लिहितो आहे. त्या बाजूला जे गेले नाहीत, त्यांनीही ते वाचावे.

काशीच्या पाठशाळेत नेपाळचा केदार माझा सहाध्यायी होता. एकाच पितळी डब्यात आम्ही दोघांची माधुकरी आणीत असू. अभ्यास संपल्यावर डबा त्याने नेला आणि पळी-पंचपात्र मी. केदार मागल्या वर्षी निवर्तला. त्याची कन्या शारदा तिकडे डोंगरातल्या एका खोऱ्यात बायकांचा शेतीगट चालवते. तिचा एके दिवशी फोन आला.

तिने सांगितले ते थोडक्यात असे. आपल्या आणि त्यांच्या देशात शेतमालाला मोकळी वाट देणारा करार आहे. त्या वाटेने आपल्याकडचा कांदा तिच्या खोऱ्यापर्यंत पोहोचला आणि तिथल्या कांद्याहून स्वस्त पडू लागला. बायकांनी कांदा लावणे सोडले. कांद्याच्या बियाचे आयुष्य थोडे. दोन वर्षे कुणी पेरले नाही, तेव्हा घरोघरचे जुने वाण संपून गेले. मग एका वर्षी आपल्या सरकारने कांदा बाहेर जाऊ देणे थांबवले, आणि त्यांच्या बाजारात ना आपला कांदा उरला ना त्यांचा. आता त्या बायका दर वर्षी पाकिटातले बी विकत आणतात.

“काकाजी, मला बी नको,” ती म्हणाली. “ते न्यायला परवाने लागतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात पसरावा लागतो. घरचे बी कसे धरायचे, एवढे मला कुणी शिकवील का?”

पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत मी अकरा वर्षे संस्कृत शिकवले होते. तिथला माझा विद्यार्थी निवृत्ती आज साठीला आला आहे, आणि त्याच्या घरच्या कांद्याच्या बियाला आसपासच्या गावांत मान आहे, हे मला ठाऊक होते. त्याला विचारले. तो म्हणाला, “या गुरुजी. पर कशापायी येताय ते आधी कुनाला बोलू नगा.” मी बरे म्हटले. माझे ते ‘बरे’ पुढे किती पोकळ ठरले, ते आता सांगायचे आहे.

कार्तिक वद्य प्रतिपदा

राळेगणसिद्धी मागे टाकून एस.टी. पारनेरच्या बाजूला वळली, तशी नेपाळहून आलेली शारदा खिडकीला चिकटली. डोंगरउतारावर ओळीने खणलेले चर, त्यांच्या खाली भरलेले बंधारे, पिवळ्या फुलांनी लगडलेली तूर. “आमच्याकडे पाणी धावत खाली जाते,” ती म्हणाली, “इथे त्याला बसवून ठेवले आहे.” आम्ही उतरलो त्या गावाचे नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना मला अजून तोंड दाखवायचे आहे.

निवृत्तीच्या घराशेजारीच कांद्याची चाळ. जमिनीपासून हातभर उंच, बांबूच्या पट्ट्यांच्या भिंतींची लांबलचक वखार. वारा आरपार जावा अशी. कार्तिक लागला तरी ती अर्धी भरलेली होती, आणि पट्ट्यांच्या फटींतून हिरवे कोंब बाहेर डोकावत होते. कोंब आलेला कांदा बाजारात कुणी विचारीत नाही. गावातल्या बहुतेक चाळींची हीच अवस्था आहे, असे निवृत्तीने हलक्या आवाजात सांगितले. पूर्वी सीमेपलीकडचे व्यापारी दिवाळीच्या आतच चाळी रिकाम्या करीत. आता शेजारच्या देशांत लोक आपापला कांदा पिकवू लागले आहेत, अशी बोलवा होती.

निवृत्तीची पत्नी कौसाबाई. बी धरण्याचे काम त्या घरात पिढ्यान्पिढ्या बायकांकडे आहे. सासूने ते कौसाबाईंना दिले. शारदेने केदारचा पितळी डबा त्यांच्या हाती ठेवला. आत डोंगरातली मोठी वेलची होती. कौसाबाईंनी वेलची हुंगली, फडताळातल्या बरणीत ओतली, डबा पुसून देवापुढे ठेवला. कौसाबाईंना हिंदी येत नव्हती, शारदेला मराठी येत नव्हती. तरी दोघी चुलीपाशी बसून बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या, ते मला कुणी सांगितले नाही.

जेवायला बाजरीची भाकरी आणि कुळथाची शेंगोळी होती. पान वाढताना कौसाबाई म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्यापायी ह्या घरात पहिल्यांदाच बिनकांद्याची फोडनी पडली. कढई बी इचारात पडली आसंल, मालकीन आजारी हाय का म्हून.”

निवृत्ती हसला. मीही हसलो. त्या दिवसातले ते शेवटचे हसू.

दिवेलागणीला मारुतीच्या देवळात आरती झाली आणि मला दोन शब्द बोलायला सांगितले. तिथे दगडू होता. दगडू हा निवृत्तीचा धाकटा भाऊ. गावचा कांदा गोळा करून गाड्या भरून धाडतो. तोही माझाच विद्यार्थी, शब्दरूपांत दर वर्षी नापास. पाहुणी नेपाळची आहे एवढेच त्याच्या कानावर आले होते, आणि नेपाळची माणसे या गावात आजवर एकाच कामासाठी आली होती.

तो भर मंडळीत म्हणाला, “गुरुजी, तुमी शाळंत सांगायचा, देवाम्होरं खोटं बोलू न्हाई. मंग सांगा आता. बाई किती गाड्या माल उचलनार?”

चाळीसएक माणसांचे डोळे माझ्याकडे लागले. त्या डोळ्यांत केवढी आशा होती, ते मला दिसत होते. निवृत्तीने मान किंचित हलवली, तेही दिसले. पाहुणीलाच विचारा, असे म्हणता आले असते. नुसती घंटा वाजवून पायऱ्या उतरता आल्या असत्या. पण समोर मारुती, आणि मी जन्मभर मुलांना सत्यवचनाचे श्लोक घोकायला लावलेला माणूस. मी सांगून टाकले की ही मुलगी माल घ्यायला आलेली नाही. आपल्या खोऱ्यात कांदा पुन्हा उभा राहावा म्हणून बी धरण्याची रीत शिकायला आली आहे.

मग मागून एक आवाज आला, “म्हंजे आमचं गिऱ्हाईक बंद करायला.”

कुणी ओरडले नाही. एकेक जण उठला, मारुतीला हात जोडले, आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडला.

वद्य द्वितीया

सकाळी माझी संध्या आटोपते न आटोपते तोच दगडू ओसरीवर येऊन बसला. चहा घेतला नाही. पुढचे सारे भावाला उद्देशून, पण माझ्याकडे बघत.

“दादा, हीर दोघांची, पर ह्या पंधरवड्यात पानी सोडायची पाळी माझी हाय. तुझी डेंगळी आज-उद्या लागायची. बाई चाळीत शिरली न्हाईतर वावरात उतरली, तर तुझ्या डेंगळ्याला पानी न्हाई. आन धडका, चांगला एक कांदा तिच्या हाती पडला, तरी न्हाई.”

वाचकांसाठी सांगतो. बियासाठी निवडलेला कांदा पुन्हा जमिनीत लावतात; त्याला पोकळ दांडे फुटतात आणि टोकाला फुलांचा गेंद येतो. त्या पिकाला डेंगळे म्हणतात. लावल्याबरोबर त्याला पाणी लागते. ते चुकले तर निवृत्तीच्या घरचे बी त्या वर्षी होणार नव्हते, आणि शेजारीपाजारी जे त्याच्या भरवशावर होते, त्यांचेही. शारदेच्या खोऱ्यात वाण संपले तसे इथेही संपायला एवढेसे पुरले असते.

कौसाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी विळी उचलली, रिकामी पाटी घेतली आणि एकट्याच चाळीत गेल्या.

दिवसभर त्या कांदे निवडत राहिल्या. ओसरीवर बसून आम्हाला फक्त आवाज येई: विळीचा एक कर्रकन आवाज, मग कांदा एका पाटीत नाहीतर दुसरीत पडल्याचा. शारदा वही उघडून बसली होती. वहीत काही लिहिण्याजोगे नव्हते. चाळ वीस पावलांवर होती. सहाशे कोसांवरून आलेल्या त्या मुलीला ती वीस पावले मी बंद केली होती. मी जप करायला बसलो; माळ ओढली गेली, पण जप झाला नाही.

दुपारी दगडू पुन्हा आला. शारदा उठून त्याच्यासमोर बसली आणि मला म्हणाली, “काकाजी, यांच्याशी बोलायचे आहे. तुम्ही मधे राहा.”

दुभाष्याचे काम इतके अवघड असते, हे मला ठाऊक नव्हते. तिची हिंदी दगडूला अर्धी समजे. दगडूचे बोलणे तिला मुळीच नाही.

दगडू म्हणाला, “इचारा तिला. तुमीच पिकवाया लागला तर आमी कुनाला ईकायचं? बांधावर ढीग घालून बघत बसायचं का? आमचंच शिकून आमच्याच ऊरावर बसायचं, ही कुठली गुरुदक्षिना?”

मी तिला सांगितले की, त्यांना पुढच्या विक्रीची काळजी वाटते.

शारदा माझ्याकडे बघत राहिली. “ते एवढे लांब बोलले आणि तुम्ही एवढेच सांगितले?”

मला लाज वाटली. मग मी सगळे सांगितले.

ती म्हणाली, “तुमचा कांदा आला तेव्हा आमच्या आयांची वावरे पडीक झाली. पुरुष परदेशी कामाला गेले. आम्ही तुमच्या गावाला कधी विचारले नाही की, आता आम्ही काय करायचे? मग ज्या वर्षी तुम्ही दार लावले, त्या वर्षी माझ्या गटातल्या एका घरी लग्नाच्या जेवणात कांद्याऐवजी नुसता मुळा चिरला. तेव्हा आम्ही कुणाला विचारायचे?”

“दार आमी लावलं का?” दगडूचा आवाज चढला. “सरकारनी लावलं! त्या साली माझ्या दोन गाड्या वाटंतच आडल्या. पानी सुटलं कांद्याला. वास जाईना म्हून डायवरनी गाडी धुयाला नकार दिला. तुमी तिकडं मुळा खाल्ला. आमी हिकडं सडलेला उकरला!”

हे मी शब्द न शब्द सांगितले. सडलेल्या गाड्यांची गोष्ट तिला नवी होती, आणि मुळ्याची गोष्ट त्याला.

पण दगडू इतक्यात गप्प बसणारा नव्हता. “आन तुमच्याकडून बिनजकातीचं सोयाबीनचं त्याल येतंय, त्येचं काय? आमचं सोयाबीन घरात पडून ऱ्हातंय.”

आता शारदा कडवट हसली. “त्या तेलात आमच्या शेतातला दाणा किती असतो, ते विचारा की. कच्चे तेल जहाजाने तिसऱ्याच मुलखातून येते. आमच्याकडे शुद्ध होते, आणि वाट मोकळी आहे म्हणून तुमच्याकडे येते. आमचे सोयाबीनही तसेच पडून असते, भाऊ.”

दगडूने हे ऐकले, डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “मंग हा करार चांगला कुनाला हाय?” त्याने विचारले. ते मला विचारले की आभाळाला, ते कळले नाही. तो उठला. जाताना निवृत्तीला एवढेच म्हणाला, “मी बोललो त्येच्यात बदल न्हाई.”

वद्य तृतीया

निघायचा दिवस. सकाळी कौसाबाईंनी केदारचा डबा शारदेच्या हाती दिला, फडक्यात गच्च बांधलेला. दगडू राखणीला असल्यासारखा अंगणात उभा होताच. त्याने विचारले, “वहिनी, त्येच्यात काय हाय?”

“पाहुनीचं भांडं रिकामं धाडायची रीत न्हाई आपल्याकडं. चांगलं द्यायला तुमी बंदी केली. मंग चाळीतलं टाकाऊ भरलंय. बघा सोडून.”

दगडूने गाठ सोडली, आत पाहिले आणि खो खो हसला. “खुशाल न्या म्हनावं!”

शारदेने मला खुणेने विचारले. मी सांगायचे टाळले. कौसाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, कानशिलावर बोटे मोडली, आणि तिच्याशी मराठीतच बोलल्या, “निवडल्यालं मला ठिवावं लागतं, लेकी. टाकल्यालं तेवढं तुझं. समदं बघ, मंग भाजीत घाल.” हे वाक्य मी शारदेला सांगितले खरे, पण त्यात काही आहे, असे तेव्हा मलाच वाटले नाही.

फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत असताना तिने डबा उघडला. आत सहा कांदे. एकाला कोंब, एक चपटा, एक लिंबाएवढा. तिचे डोळे भरून आले. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. ज्या डब्यात दारोदारी मिळालेले अन्न आम्ही हात जोडून घेतले, त्यात हे! पाहुणीचा असा अपमान कौसाबाईंनी करावा! मी तो डबा तिथेच खड्ड्यात रिता करायला निघालो होतो.

“थांबा काकाजी,” शारदा म्हणाली.

तिने एकेक कांदा काढून फडक्यावर ओळीने मांडला. प्रत्येकाचा वरचा भाग विळीने स्वच्छ कापलेला होता. सडका कांदा असा कुणी कापीत नाही. पहिल्याच्या कापावर दोन डोळे दिसत होते; एका सालीत दोन कांदे. दुसऱ्याची मान अंगठ्याएवढी जाड. तिसरा आतून फिकट, चौथा चपटा, पाचव्याला कोंब, सहावा लिंबाएवढा, चिंगळी. एकातला दोष दुसऱ्यात नव्हता.

तिने एकेक पुन्हा उचलून कापाकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, “हे सगळे नापास झालेले आहेत. यांच्यासारखा जो नाही, तो ठेवायचा.”

काल दिवसभर ऐकलेला विळीचा आवाज मला आत्ता समजला. कौसाबाईंनी दिराचा शब्द मोडला नव्हता. धडका एकही कांदा दिला नव्हता. चाळीत नेले नव्हते, वावरात उतरवले नव्हते. मी त्या बाईला मनातल्या मनात नमस्कार केला आणि थोड्या वेळापूर्वीच्या रागाबद्दल क्षमा मागितली. शारदा भराभर वहीत चित्रे काढू लागली.

एवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. दगडू. गाडी आमच्यासमोर थांबवून तो उतरला. त्याची नजर फडक्यावरच्या ओळीकडे गेली, मग उघड्या वहीकडे. शारदेने वही छातीशी धरली.

“आंघुळीला बसलो तवा टकुऱ्यात उजेड पडला,” तो म्हणाला. “वहिनीनी मला गंडवलं.”

मी उठून उभा राहिलो. पाणी बंद होणार हे मी धरूनच चाललो. “दगडू, दोष माझा आहे. घरच्यांना...”

“बसा गुरुजी.” तो खाली उकिडवा बसला आणि कांद्यांवरून बोट फिरवत गेला. जोड, जाड मान, फिकट, चपटा, कोंब, चिंगळी. बोट शेवटी रिकाम्या जागेवर थांबले. “एक ऱ्हायलं.”

त्याने गाडीच्या पिशवीतून मातीसकट उपटलेले कांद्याचे रोप काढले. कांदा अजून पोसलेला नव्हता, पण मधोमध ताठ हिरवा दांडा आणि टोकाला मिटलेली कळी. “माझ्या लाल कांद्याच्या वावरातलं हाय. वेळंआधी डेंगळा आलाय. नवं मानूस हेलाच पैलं भुलतंय. फूल आलं, बी लौकर घावंल म्हून हेच राखून ठिवतंय. हेचं बी धरलं तर म्होरल्या साली समदं वावर असंच फुलंल आन कांदा पोसायचाच न्हाई. हे काढनीलाच भाईर पडतंय. चाळीत येतच न्हाई. म्हून वहिनी दावू शकली न्हाई.”

हे सांगताना मी एकही शब्द गाळला नाही.

शारदेने विचारले, “भाऊ, मग तुम्ही का दाखवता?”

“आर्धं शिकवून पाहुनी धाडायची व्हय? उद्या तिचं वावर बसंल, आन नाव आमच्या गावाचं जाईल.” त्याने हात झटकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “दादाला फोन करून सांगा, उद्या सकाळचं पानी त्येच्या डेंगळ्याला. मी बोलनार न्हाई त्येच्याशी.”

एस.टी. वळणावर दिसली. दगडू उठला. “आन बाईला सांगा, तिकडं लई पिकलं, तर आमच्याकडं ईकायला धाडू नगा म्हनावं.”

तेही मी सांगितले. शारदा सहा कांदे परत डब्यात ठेवत होती. मान वर न करता म्हणाली, “वाट दोन्ही बाजूंनी मोकळी आहे, भाऊ.”

दगडू हसला नाही. पण गाडी सुटेपर्यंत थांबला.

डब्यातले आणि डब्याबाहेरचे, यातले काहीच परवान्यावाचून सीमेपलीकडे जाणार नव्हते. तिकडे फक्त वही जाणार होती. गर्दीच्या गाडीत शारदेने मांडीवर वही घेऊन सातवे चित्र काढायला घेतले. ते रोप डब्यात मावत नव्हते, आणि तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. म्हणून पारनेर येईपर्यंत ते मी धरून बसलो, कळी दुखावू नये अशा बेताने, धोतरावर माती सांडत.